दवाखान्यापर्यंत तर पोहोचल्या, पुढे काय? आरोग्याच्या जागतिक उद्दिष्टांबद्दल इंदूरकरांचे प्रश्न

मी एकतीस वर्षं मध्य प्रदेशाच्या आरोग्य खात्यात काढली. आधी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, मग सुपरवायझर. नोकरी सगळी धार आणि बडवानी जिल्ह्यांत, घर इंदुरात. निवृत्तीनंतर मंडळाच्या एका कार्यक्रमात मला या विषयावर अर्धा तास बोलायला उभं केलं. भाषण लोक विसरले, प्रश्न मात्र थांबले नाहीत. लिफ्टमध्ये विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यावर विचारतात. तेच इथे लिहून ठेवले आहेत. क्रम माझ्या मनासारखा आहे.

ताई, एसडीजी एसडीजी म्हणतात ते नक्की काय?

शाश्वत विकास उद्दिष्टं. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मिळून १७ उद्दिष्टं ठरवली, मुदत २०३० पर्यंतची. त्यांतलं तिसरं आरोग्याचं. त्यात आकडे स्पष्ट लिहिलेत: जगभरातलं माता मृत्यू प्रमाण लाखामागे ७० च्या खाली, नवजात बालकांचे मृत्यू हजारामागे जास्तीत जास्त १२, पाच वर्षांखालच्या मुलांचे २५. शिवाय टीबी, मलेरिया, एड्सच्या साथी संपवणं, मधुमेह-हृदयविकारांनी अकाली जाणाऱ्यांची संख्या एक तृतीयांशाने घटवणं, आणि इलाजासाठी कुणाला कर्ज काढावं लागू नये, हेही.

त्याआधी २००० साली ठरलेली आठ उद्दिष्टं होती, त्यांची मुदत २०१५ ला संपली. तो जुना अभ्यासक्रम, हा नवा.

जुन्या परीक्षेत आपण पास झालो का?

काठावर. पाच वर्षांखालची मुलं १९९० साली हजारामागे सव्वाशेच्या आसपास दगावत होती. ते ४२ वर आणायचं होतं, २०१५ साली आकडा आला ४३. एका गुणाने गेला म्हणा. मातांचं प्रमाण ५५६ वरून १३९ वर यायचं होतं. २०१४-१६ च्या मोजणीत ते १३० निघालं. म्हणजे तिथे पास, पण पेपर थोडा उशिरा दिला.

मी नोकरीला लागले तेव्हा हे आकडे कुणी आमच्यासमोर ठेवले असते तर आम्ही हसलो असतो. तेव्हा गावात बाळंतपण म्हणजे दाई, विळा आणि खाटेखाली शेगडी.

"माता मृत्यू प्रमाण ९३" म्हणजे ९३ टक्के की काय?

नाही हो! एक लाख जिवंत बाळं जन्मली, तर त्यामागे ९३ आयांचा मृत्यू. गरोदरपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत, आणि कारण बाळंतपणाशी जोडलेलं असलं पाहिजे. गरोदर बाई बसच्या धडकेत गेली तर ती यात धरत नाहीत.

हे मोजतं कोण? तुम्हीच लोक ना, रजिस्टरात लिहून?

आमचं रजिस्टर वेगळं, आणि त्यावर फार विसंबू नका असं मीच सांगते. का, ते खाली एचबीच्या, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या, प्रश्नात येईल.

हे ९३ सारखे आकडे एसआरएस नावाच्या पद्धतीतून येतात. जनगणनेचं जे कार्यालय, त्याचंच हे काम. देशभर गावं आणि शहरी वस्त्या नमुना म्हणून निवडलेल्या असतात. तिथली एक स्थानिक व्यक्ती, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडीवाली, वर्षभर जन्म-मृत्यू नोंदवत राहते. दर सहा महिन्यांनी एक सुपरवायझर येतो आणि ती वही न बघता घरोघर नव्याने विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात. जे जुळत नाही त्यासाठी परत त्या दारात जातात. आजीचा मृत्यू दोनदा लिहिला जाणं किंवा तीन दिवसांचं बाळ कुणी न लिहिणं, हे तिथे पकडलं जातं.

आयांचे मृत्यू नमुन्यात फार थोडे सापडतात, म्हणून तीन वर्षांची बेरीज करून आकडा काढतात. म्हणूनच "२०१९-२१" असं लिहिलेलं असतं. एखाद्या राज्याचा आकडा दहा-बारा इकडेतिकडे झाला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत, आणि छाती पिटू नये.

मग आत्ता भारत कुठे, आणि आपण कुठे?

देश उतरणीला लागलाय, चांगल्या अर्थाने. २००४-०६ मध्ये २५४, २०१६-१८ मध्ये ११३, २०१८-२० मध्ये ९७, २०१९-२१ मध्ये ९३. सत्तर फार लांब नाही.

मध्य प्रदेश: २०१६-१८ मध्ये १७३. २०१७-१९ मध्ये १६३. २०१८-२० मध्ये परत १७३. २०१९-२१ मध्ये १७५.

पुण्याचे पाहुणे आले की मी हा आकडा सांगत नाही, कारण ते लगेच महाराष्ट्राचा ३८ काढतात. केरळचा २०.

दूरचं बघितलं तर आपणही खूप खाली आलोय हे खरं. २००४-०६ मध्ये छत्तीसगढ धरून आपला आकडा ३३५ होता. पण २०१६ ते २०२१ गाडी एका जागी फिरत राहिली, आणि ती नेमकी कुठे अडकली हेच मला सगळ्यांना सांगायचं असतं.

पण आता तर सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात. मग बाया मरतात कशा?

याच प्रश्नाची मी वाट बघत असते.

२००५-०६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं होती २६ टक्के. दहा वर्षांनी ८१ टक्के. २०१९-२१ मध्ये ९१ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त! २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, खेड्यातल्या बाईला १,४०० रुपये, शहरातल्या बाईला १,००० रुपये. आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या आल्या, बाळंतिणीला नेणाऱ्या जननी एक्सप्रेसच्या गाड्या आल्या, २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण सगळं फुकट झालं. लोक पैशाला नावं ठेवतात, पण त्या चौदाशे रुपयांनी सासवांची मनं वळवली. मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणजे बाई दारापर्यंत आली. दाराच्या आत काय आहे, तिथे घोडं अडलं.

बाळंतपणातले मृत्यू मुख्यतः रक्तस्रावाने, बीपी चढून झटके येण्याने आणि जंतुसंसर्गाने होतात. रक्तस्रावाचं घ्या. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळलं गेलं पाहिजे. ते सैल राहिलं तर नळ उघडा राहतो. धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते. यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, स्वस्तातलं. पण ते फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात, निमाडच्या उन्हात, सहा-सहा तास वीज नसलेल्या केंद्रात ते कपाटात पडून राहिलं की टोचलं काय नि न टोचलं काय. रजिस्टरात मात्र लिहिलं जातं "दिलं".

त्यानंतरही रक्त थांबलं नाही तर ऑपरेशन हवं, रक्ताची पिशवी हवी, भूल देणारा डॉक्टर हवा. देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके तज्ज्ञ असायला हवेत त्यांत सुमारे ८० टक्के तूट आहे, हे सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीतलं. मग काय होतं? "रेफर".

एक सांगते, गावाचं नाव सांगत नाही. एकवीस वर्षांची पोर, तिसरं बाळंतपण. फळियातून, म्हणजे आतल्या वस्तीतून, मुख्य रस्त्यापर्यंत झोळीत आणली. पहिल्या दवाखान्याने बाळंत केली, रक्त थांबेना म्हणून पर्ची फाडून पुढे पाठवली. पुढच्या ठिकाणी रक्त होतं पण भूल देणारे रजेवर. तिथून तिसरी पर्ची, इंदूरची. मी गाडीत तिच्या पोटावर हात दाबून बसले होते. महूच्या अलीकडे तिचे हात गार पडायला लागले. गाडी एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, रस्त्याला लागली तेव्हा ती गेलेली होती. तिच्या ब्लाउजात तीन पर्च्या घडी करून ठेवलेल्या सापडल्या, जपून, कारण पर्ची हरवली तर पैसे मिळत नाहीत असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

कागदोपत्री ते "संस्थात्मक प्रसूती"तच गेलं. ९१ टक्क्यांत ती पण आहे.

आमच्या प्रशिक्षणात याला तीन उशीर म्हणत: घरातून निघायचं ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिल्या दोन उशिरांवर आपण खूप काम केलंय. तिसरा अजून बाकी आहे, आणि तो चौदाशे रुपयांनी सुटत नाही.

इंदूर तर स्वच्छतेत पहिलं येतं. मग आपल्याकडे आरोग्य चांगलं असणारच ना?

२०१७ ते २०२३ लागोपाठ सात वेळा पहिलं आलं, त्याचा मलाही अभिमान आहे. कचरागाडीचं गाणं ऐकून माझा नातू झोपेतून उठतो. पण ओला-सुका कचरा वेगळा केल्याने माश्या कमी होतील, बाळंतिणीचा रक्तस्राव कसा थांबेल? दोन वेगळी खाती आहेत ती.

आणि इंदूर म्हणजे काही सुदामा नगर, वैशाली नगर, रामबाग एवढंच नव्हे. धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानी इथल्या अडलेल्या केसेस शेवटी इंदुरातच येतात. एमवायच्या पोर्चमध्ये रात्री दोन वाजता उभं राहिलं की अर्ध्या राज्याचं आरोग्य दिसतं.

एचबी कमी असणं एवढं गंभीर असतं का? आमच्या बाईला डॉक्टर नुसतं गूळ-शेंगदाणे खा म्हणाले.

गूळ-शेंगदाणे खावेत, चांगलेच असतात. पण गरोदरपणात एचबी ७ च्या खाली असेल तर गुळाने भरून येत नाही, दवाखान्यात शिरेतून लोह किंवा रक्तच लागतं. गरोदर बाईचं ११ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला दुसरीने सहज सोसलेला रक्तस्रावही पुरतो.

आणि इथे आपण मागे चाललोय. १५ ते ४९ वयाच्या बायकांत अ‍ॅनिमिया देशात ५३ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ५७ झाला. मध्य प्रदेशात ५२.५ चा ५४.७.

आता ती रजिस्टरची गोष्ट. आमच्या वेळी साहलीची नळी होती. बोटाला सुई टोचायची, बारीक पिपेटमध्ये खुणेपर्यंत रक्त ओढायचं, आम्लात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. एका बाईला पंधरा मिनिटं. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत चाळीस बाया, पोरांची रडारड, आम्ल संपलेलं. मग काय करायचे सगळे? डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची आणि लिहायचं, "१०.२". जुनं कुठलंही रजिस्टर उघडा, पानच्या पान १० आणि १०.२ ने भरलेलं सापडेल. मीही लिहिलंय. सात असलेल्या किती जणींना मी दहा लिहिलं, देव जाणे.

आता डिजिटल मशीन आहे, मिनिटभरात आकडा येतो. म्हणून सांगते, कार्डावर एचबी लिहिलं असेल तर विचारा, मशीनवर बघितलं का?

लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि नंतर १८० दिवस रोज एक. चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. त्याच भीतीने गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकलेल्या मी पाहिल्यात.

बाळांचं काय?

इथे थोडी मराठी फुशारकी मारू द्या. पाच वर्षांखाली दगावणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यातच जातात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवून दाखवले. १९९९ साली ते जगासमोर आलं. पुढे देशाने तेच उचललं. आज आशा बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ना, त्याचं मूळ तिथे आहे.

२०२० साली देशात पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं हजारामागे २०, मध्य प्रदेशात ३१. जायचंय १२ पर्यंत. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवा, महागड्या पेटीपेक्षा ते कमी नाही, हे सासूला पटवणं हे आशाचं निम्मं काम.

पोलिओ गेला ना? मग अजून थेंब कशाला?

आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं. शेजारच्या देशांत विषाणू अजून आहे, आणि त्याला पासपोर्ट लागत नाही. थेंब द्या.

टीबी २०२५ पर्यंत संपणार होता. संपला?

नाही. जगाने २०३० ठरवलं, आपण हौसेने २०२५ म्हटलं. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होत, २०२३ मध्ये १९५. घट जगाच्या सरासरीपेक्षा चांगली, पण संपणं वेगळं. जगातले चारांत एक टीबी रुग्ण अजून आपले.

औषध फुकट मिळतं. अडतं ते पोटाशी. २०२३ मध्ये झारखंडातल्या एका अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना महिन्याचं धान्य दिलं, तर त्या घरांत नवा टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी उतरलं. डाळ-तांदळाने! सरकार रुग्णाला इलाज चालू असेपर्यंत महिन्याला पैसे देतं, आधी ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. आणि निक्षय मित्र म्हणून कुणीही एखाद्या रुग्णाच्या पोषणाचं ओझं उचलू शकतो. गणेशोत्सवात मंडप थोडा लहान करून मंडळाने पाच रुग्ण घ्यावेत, असं मी दोन वर्षं सुचवतेय. अजून ठराव "विचाराधीन" आहे.

आमच्यासारख्या साठी-सत्तरीच्या लोकांचा याच्याशी काय संबंध?

भरपूर. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले. बीपी तर तिघांत एकाला. यातले कितीतरी पन्नाशीतच जातात, तेच उद्दिष्टातलं "अकाली". सराफ्यात रात्री गराडू आणि जलेबी खाऊन सकाळी शुगर तपासायला येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

कार्डाबद्दल सगळे विचारतात म्हणून: आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो. पण ते भरती झाल्यावर. रोजची बीपीची गोळी, ओपीडीची फी त्यात नाही. लोक कार्ड घेऊन मेडिकलवर जातात आणि भांडून येतात.

खर्च खरंच कमी झालाय का?

आकड्यांत, हो. आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९. सरकारने मात्र २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करायचं २०१७ च्या धोरणात लिहिलं होतं. २०२१-२२ मध्ये तो दोनच्याही आत होता. वरचा भूलतज्ज्ञ तिथेच अडकलाय.

२०३० पर्यंत जमेल का?

देशाच्या सरासरीत आईचा आकडा सत्तरच्या खाली जाईल, असं मला वाटतं. बाळांचाही जवळ जाईल. टीबीचा नाही. मध्य प्रदेशाबद्दल विचाराल तर मी आधी विचारेन की तुमच्या जवळच्या सामुदायिक केंद्रात रात्री भूल देणारं कोण आहे.

आम्ही शहरात बसून काय करणार?

तुमच्या घरी कामाला येणारी बाई, बांधकामावरची, वॉचमनची बायको. यांतल्या बऱ्याच जणी झाबुआ-अलीराजपूरकडच्या असतात, आणि गरोदर असली तर तिचं नाव गावाकडे नोंदलेलं असतं, इथल्या आशाला ती माहीतच नसते. तिला विचारा, जच्चा-बच्चा कार्ड आहे का? नसेल तर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी डॉक्टर करतात, त्या दिवशी तिला सुट्टी द्या. पगार न कापता. कार्डावर रक्तगट, एचबी आणि बीपी भरलेत का बघा. तारीख जवळ आली की तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये १०८ टाकून द्या, आणि रक्त देऊ शकतील अशा दोघांची नावं ठरवून ठेवा. माझ्या बिल्डिंगमध्ये अशी यादी लिफ्टशेजारी लावली आहे. ओ निगेटिव्हच्या पुढची जागा अजून रिकामी आहे, कुणी असेल तर कळवा.